सायरन वाजल्यावर धावून कोण येणार? घराचा अलार्म आणि कॅमेरे बसवण्याआधी

नेवासा तालुक्यातलं शनिशिंगणापूर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, ही त्या गावाची ओळख. 2011 मध्ये युको बँकेनं तिथे कुलूप न लावणारी शाखा उघडली तेव्हा देशभर बातम्या झाल्या. 2015 मध्ये मात्र त्याही गावात पोलीस ठाणं सुरू झालं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बाकीच्या गावांत आपण पूर्वीपासून कडी-कोयंड्यावर विसंबून आहोत आणि अलीकडे त्याच्या जोडीला कॅमेरे लावू लागलो आहोत.

कॅमेरे लावले म्हणजे घर सुरक्षित झालं, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात कॅमेरा चोराला अडवत नाही. तो फक्त काय घडलं ते नोंदवून ठेवतो. अलार्मही अडवत नाही, तो फक्त ओरडतो. चोराला अडवतात दोनच गोष्टी: आत शिरायला लागणारा वेळ आणि धावून येणारी माणसं. म्हणून आपलं नियोजन दुकानातल्या कॅमेऱ्यापासून सुरू करायचं नाही. सायरन वाजला तर कोण येईल, या प्रश्नापासून सुरू करायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या तोच प्रश्न समोर ठेवून मांडल्या आहेत.

पायरी पहिली: घराला बाहेरून फेरी मारा

एक कोरा कागद घ्या आणि घराचा साधा नकाशा काढा. दारं, खिडक्या, गच्चीचा जिना, परसदार, पाण्याची टाकी, कंपाउंडची भिंत, सगळं दाखवा. मग घराला एक फेरी दिवसा मारा आणि एक रात्री दिवे मालवल्यावर. रात्री जिथे आपल्यालाच अंधारात पाऊल टाकायला नको वाटतं, तिथे नकाशावर फुली करा.

फेरी मारताना स्वतःला विचारा: किल्ली हरवली, तर मी आत कुठून शिरेन? बहुतेकांना उत्तर लगेच सुचतं. स्वयंपाकघराची सैल जाळी, गच्चीच्या जिन्याचं पातळ पत्र्याचं दार, बाथरूमची काचपट्ट्यांची खिडकी. आपल्याला जे सुचतं ते दुसऱ्यालाही सुचतं. या जागांना क्रमांक द्या.

सावेडी किंवा केडगावातला बंगला आणि राहुरीच्या शिवारातली वस्ती यांची गरज एक नसते. बंगल्याला लागून दुसरी भिंत असते, शेजारी हाकेच्या अंतरावर असतो. वस्तीवर भोवती ऊस असतो, जवळचं घर दोन-तीन शेतं ओलांडून असतं आणि घरातल्या ऐवजाइतकीच विहिरीवरच्या मोटरीची आणि तांब्याच्या केबलची काळजी असते. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागात ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची घरं महिनोन्‌महिने बंद असतात किंवा तिथे फक्त म्हातारी माणसं उरतात. आपलं घर यांपैकी कोणत्या प्रकारात बसतं, ते कागदावर लिहून ठेवा. पुढचे निर्णय त्यावरच ठरतील.

पायरी दुसरी: आधी कडी-कोयंडा, मग कॅमेरा

घरफोडीच्या बातम्यांत ‘कडी-कोयंडा तोडून’ हे शब्द हमखास असतात. कुलूप भक्कम असतं, पण कोयंडा अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर लाकडात उभा असतो. पहारीचा एक हिसका बसला की कुलपासकट सगळं बाहेर येतं. म्हणून कोयंडा आरपार नट-बोल्टनं बसवून घ्या आणि बोल्टचं डोकं बाहेरून फिरवता येणार नाही असं निवडा. मुख्य दाराला आतल्या बाजूनं बसणारं कुलूप घेतलं तर आणखी बरं. घर बंद आहे हे त्यानं रस्त्यावरून कळत नाही.

गच्चीच्या दाराला आतून आडणा लावा. परसदारी आणि जिन्यापाशी माणसाची चाहूल लागताच पेटणारे दिवे बसवा. हा खर्च कॅमेऱ्यांच्या मानानं थोडा असतो आणि आत शिरायला लागणारा वेळ त्यानंच वाढतो. वेळ वाढला नाही, तर अलार्म वाजून माणसं येईपर्यंत चोर निघून गेलेला असतो. ही पायरी गाळू नका.

पायरी तिसरी: कोण येणार, ते ठरवा

मुलगा पुण्यात नोकरीला आणि आई-वडील गावी, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत. मुलाच्या मोबाईलवर रात्री दोन वाजता सूचना येते, तो चित्र पाहतो, पण तो असतो तासन्‌तास दूर. त्याला त्या क्षणी हवा असतो शेजारच्या माणसाचा फोन नंबर.

म्हणून पाच नावांची यादी करा: दोन जवळचे शेजारी, गावातला एक नातलग, पोलीस पाटील आणि आपल्या हद्दीचं पोलीस ठाणं. शेजाऱ्यांशी आधी बोला. सायरन वाजला तर एकट्यानं दार उघडून धावू नका, आधी दिवे लावा, आरडाओरडा करा, दुसऱ्याला उठवा, हे त्यांच्याशी ठरवून घ्या. त्यांच्या घरासाठी आपणही तेच करू, असा शब्द द्या.

आपल्या जिल्ह्यात यासाठी एक चांगली सोय आहे: ग्राम सुरक्षा यंत्रणा. तिच्यात गावातल्या लोकांचे मोबाईल नंबर नोंदवलेले असतात. संकटात असलेल्यानं 18002703600 या निःशुल्क क्रमांकावर फोन करून आपला निरोप बोलायचा. तोच आवाज गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाईलवर एकाच वेळी फोन होऊन जातो. चोरी, आग, बिबट्या, सगळ्यासाठी ती चालते. मात्र आपला नंबर आधी नोंदवलेला हवा, म्हणून आपलं गाव आणि आपला नंबर तिच्यात आहे का, हे ग्रामपंचायतीत किंवा पोलीस ठाण्यात आजच विचारा.

112 हा आपत्कालीन क्रमांक तर आहेच. परगावाहून तो लावला, तर जिल्हा, तालुका, गाव, वस्तीचं नाव आणि जवळची खूण या क्रमानं सांगा. हे पाच शब्द कागदावर लिहून फोनजवळ ठेवा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही नीट आठवत नाही.

पायरी चौथी: अलार्मची निवड

घरगुती अलार्मचे तीन भाग असतात. एक, सेन्सर, म्हणजे हालचाल किंवा दार उघडणं ओळखणारी छोटी डबी. दोन, पॅनेल, म्हणजे सगळ्या सेन्सरांचं ऐकून निर्णय घेणारा मुख्य डबा. तीन, सायरन किंवा हूटर.

दारा-खिडक्यांना चुंबकी सेन्सर लावतात. चौकटीवर एक डबी आणि फळीवर चुंबक असतो. दार उघडलं, चुंबक दूर गेला की पॅनेलला खबर जाते. हा सेन्सर स्वस्त आणि सर्वांत भरवशाचा. चूक होते ती फटीत. जुनं लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आटतं आणि दोन तुकड्यांतलं अंतर वाढून विनाकारण अलार्म वाजतो. दार बंद असताना हे अंतर एका बोटाच्या रुंदीपेक्षा कमी ठेवायला सांगा.

खोलीतली हालचाल ओळखायला पीआयआर सेन्सर असतो. माणसाच्या अंगाची उष्णता आजूबाजूच्या उष्णतेपेक्षा वेगळी असते आणि ती उष्णता सरकली की याला कळतं. त्याची अडचणही इथेच आहे. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे तापमान चाळिशी गाठतं, भिंती आणि माणूस जवळपास सारखेच गरम होतात आणि सेन्सर मंदावतो. उलट, खिडकीतून पडणारं ऊन, घरातलं मांजर किंवा थेट सेन्सरवर चढलेली पाल त्याला फसवते. म्हणून तो खिडकीसमोर लावू नका, आतल्या बोळाकडे तोंड करून लावा आणि घरात मांजर-कुत्रं असेल तर प्राण्यांकडे दुर्लक्ष करणारा प्रकार मागा.

वस्तीवर उघड्या अंगणात पीआयआर सायरनला जोडू नका. कुत्री, रानमांजर, उसातून येणारा बिबट्या यांच्यामुळे तो रोज वाजेल आणि आठवड्याभरात घरातलंच कोणीतरी त्याची वायर काढून टाकेल. खोटा अलार्म हा अलार्मचा सर्वांत मोठा शत्रू. तीनदा उगाच वाजलेल्या सायरनला चौथ्यांदा शेजारी उठत नाही. अंगणातल्या सेन्सरनं फक्त दिवा लावावा, सायरन दारा-खिडक्यांच्या सेन्सरांनी वाजवावा.

पॅनेलमध्ये सिमकार्ड घालून फोन लावण्याची सोय असते. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. स्वस्त पॅनेल बऱ्याचदा फक्त 2जी नेटवर्कवर चालतं. जिओकडे 2जी नाही, त्यामुळे त्यात जिओचं सिम चालत नाही. शक्यतो 4जी पॅनेल घ्या आणि आपल्या गावात ज्या कंपनीची रेंज घरात, त्या कोपऱ्यात मिळते, तिचंच सिम घाला. दुसरी चूक म्हणजे रिचार्ज संपणं. सिम कुणाच्या नजरेसमोर नसतं, त्यामुळे वैधता कधी संपली ते कळत नाही. घरातल्या एकानं त्याची जबाबदारी नावानिशी घ्यावी.

म्हातारी माणसं एकटी राहत असतील तर आणखी एक वस्तू घ्या: पॅनिक बटण. दाबलं की लगेच सायरन आणि फोन, दोन्ही. ते पलंगाच्या उशाशी, हात पोचेल असं लावा. पडलो, छातीत दुखलं, तरी ते उपयोगी येतं.

पायरी पाचवी: प्रत्येक कॅमेऱ्याला एक काम

‘चार कॅमेऱ्यांचा सेट’ म्हणून मागण्याआधी नकाशा पुढे घ्या आणि प्रत्येक कॅमेऱ्याचं काम एका वाक्यात लिहा. ‘फाटकातून आत येणाऱ्याचा चेहरा’ हे काम झालं. ‘अंगणात कोण फिरतंय’ हे वेगळं काम झालं. एकच कॅमेरा ही दोन्ही कामं करू शकत नाही, आणि बहुतेक निराशा इथूनच सुरू होते.

कारण समजून घेऊ. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचं चित्र आडव्या दिशेनं 1920 ठिपक्यांचं असतं. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखता यावा यासाठी एक मीटर रुंदीत साधारण 250 ठिपके हवेत, असा निकष या क्षेत्रात वर्षानुवर्षं रूढ आहे. 1920 ला 250 नं भागलं तर साडेसात मीटरच्या थोडं वर उत्तर येतं. म्हणजे चित्रात त्याहून रुंद भाग मावत असेल, तर चेहरा पुसट होणार.

आता लेन्स पाहा. बाजारात सहज मिळणारी 2.8 मिलिमीटरची लेन्स साधारण शंभर अंशांचा रुंद भाग दाखवते. मोबाईलवर सगळं अंगण दिसतं, मन भरतं. पण हिशेब केला तर चेहरा ओळखू येतो फक्त तीन मीटरपर्यंत. 6 मिलिमीटरची लेन्स साधारण पन्नास अंश दाखवते आणि तिच्यात चेहरा आठ मीटरपर्यंत टिकतो. म्हणून फाटकावर लांबचं पाहणारी लेन्स आणि अंगणावर रुंद पाहणारी लेन्स, अशी वाटणी करा. हे आकडे भरदिवसाच्या उजेडातले आहेत. रात्री ते कमी धरा.

उंची हा दुसरा नेहमीचा घोटाळा. कॅमेरा कुणी तोडू नये म्हणून तो पंधरा फुटांवर लावतात आणि मग चित्रात दिसते टोपी आणि डोक्याचा मधला भाग. चेहऱ्यासाठीचा कॅमेरा आठ-नऊ फुटांवर ठेवा. त्याच्याकडे दुसरा, उंचावरचा कॅमेरा पाहील अशी रचना करा, म्हणजे एकाला हात लावणारा दुसऱ्यात दिसेल.

तिसरी गोष्ट उजेडाची. पश्चिमेकडे तोंड केलेला कॅमेरा संध्याकाळी आंधळा होतो. अंधाऱ्या ओसरीतून उजेडातल्या दाराकडे पाहणारा कॅमेरा दारात उभा असलेला माणूस काळी सावली म्हणून दाखवतो. अशा जागी डब्ल्यूडीआर सोय असलेला, म्हणजे उजेड आणि सावली दोन्ही सांभाळून घेणारा कॅमेरा मागा.

रात्री कॅमेरा डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश टाकतो. हा प्रकाश जवळच्या पांढऱ्या भिंतीवर किंवा पन्हाळीवर पडला, तर तीच झगझगते आणि मागचं सगळं काळं होतं. कॅमेरा खिडकीच्या काचेआड ठेवला तर स्वतःचाच प्रकाश परत डोळ्यांत येतो. शिवाय रात्री या प्रकाशाकडे किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो आणि लेन्ससमोर जाळं विणतो. रात्रभर ‘हालचाल’ म्हणून सूचना येत राहिल्या, तर चोराआधी जाळं पाहा.

पायरी सहावी: वायर, वीज आणि साठवण

घराचं बांधकाम चालू असेल तर प्लास्टरच्या आधीच कॅमेऱ्यांच्या जागी पाइप टाकून घ्या. बांधून झालेल्या घरातही वायर पीव्हीसी पाइपमधून न्या. उघडी वायर उंदीर, ऊन आणि चोर, तिघांनाही सोपी पडते. विजेच्या मुख्य वायरीच्या पाइपमधून कॅमेऱ्याची वायर नेऊ नका, चित्रावर रेघा येतात आणि धोकाही असतो. वायर शुद्ध तांब्याची आहे का ते विचारा. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण लांब अंतरावर तिच्यात विजेचा दाब घसरतो. दिवसा नीट चालणारा कॅमेरा रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडतो, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

वायफायवर चालणारे कॅमेरे बसवायला सोपे, पण त्यांनाही विजेची वायर लागतेच. शिवाय जाड दगडी भिंतीपलीकडे वायफाय पोचत नाही. घरासाठी जमेल तिथे वायरचेच कॅमेरे घ्या. विहिरीवर किंवा कांदाचाळीपाशी वीज-वायर नेणं अवघड असेल, तर सौर पॅनेल आणि 4जी सिमवर चालणारा कॅमेरा योग्य. तो सतत चित्रीकरण न करता हालचाल झाली की जागा होतो, त्यामुळे पहिले एक-दोन क्षण हुकू शकतात. म्हणून तो वाटेकडे तोंड करून लावा, थेट मोटरीवर नको. सौर पॅनेलवरची धूळ महिन्यातून एकदा पुसा.

आता वीज. ती गेली की कॅमेरे गेले, असं असेल तर लोडशेडिंगच्या रात्री आपलं घर उघडं. हिशेब सोपा आहे. चार कॅमेरे मिळून वीस वॉट, चित्रं साठवणारा डबा वीस वॉट, इंटरनेटचा राउटर दहा वॉट. एकूण पन्नास वॉट. 150 अँपिअर-अवरच्या इन्व्हर्टर बॅटरीतून वापरता येणारी वीज साधारण हजार वॉट-तास धरली, तर फक्त एवढाच भार वीस तास चालेल. त्यावर दोन पंखे लावले की एकूण दोनशे वॉट होतात आणि पाच तासांत बॅटरी संपते. म्हणून बाहेरगावी जाताना इन्व्हर्टरवरचे पंखे, दिवे बंद करा. राउटर इन्व्हर्टरवर जोडायला लोक विसरतात, तेवढं पाहा. वीज गेल्यावर कॅमेरे चालू, पण मोबाईलवर काही दिसत नाही, ही तक्रार त्यामुळेच येते.

चित्रं साठवणाऱ्या डब्याला डीव्हीआर म्हणतात. कॅमेरे नेटवर्क केबलवर चालणारे असतील तर एनव्हीआर. किती दिवसांचं चित्रण राहील, ते आत बसवलेल्या हार्डडिस्कवर ठरतं. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट वेगानं साठवत असेल, तर दिवसाला सुमारे 22 जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांचे 86 जीबी झाले. एक टीबीच्या डिस्कवर अकरा दिवस, दोन टीबीवर तेवीस दिवस. डिस्क भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. आपण महिनाभर बाहेर राहणार असाल आणि चोरी पहिल्या आठवड्यात झाली, तर परतल्यावर हाती काही लागणार नाही. अशा घरांनी दोन टीबीहून मोठी डिस्क घ्यावी आणि ती कॅमेऱ्यांसाठी बनवलेलीच घ्यावी. संगणकातली साधी डिस्क रात्रंदिवस लिहिण्यासाठी बनवलेली नसते.

हा डबा टीव्हीच्या शोकेसमध्ये ठेवू नका. घरफोडी करणारे जाताना तो उचलून नेतात आणि सगळा पुरावा त्याच्याबरोबर जातो. तो माळ्यावर किंवा वेगळ्या खोलीत, हवा खेळेल अशा कुलूपबंद जागी ठेवा. दोन महत्त्वाच्या कॅमेऱ्यांत मेमरी कार्ड घालता आलं, तर दुसरी प्रत आपोआप राहील.

पायरी सातवी: खरेदी आणि बसवण्याचा दिवस

दोन-तीन जणांकडून लेखी दरपत्रक घ्या. त्यात कॅमेऱ्याचं मॉडेल, लेन्स, डिस्कची क्षमता, वायरीचा प्रकार आणि मीटरमागे दर, मजुरी, वॉरंटी कोण देणार, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं. ‘सगळं मिळून इतके’ असा एकच आकडा स्वीकारू नका. वायरीत आणि डिस्कमध्ये झालेली काटकसर त्याच आकड्यात लपते.

कॅमेऱ्यावर भारतीय मानक ब्यूरोचं नोंदणीचिन्ह आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा क्रमांक पाहा. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं 9 एप्रिल 2024 च्या अधिसूचनेनं सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सायबर सुरक्षेच्या चाचण्या आवश्यक केल्या आणि एप्रिल 2025 पासून ते बंधन लागू आहे. दुकानात जुना साठा स्वस्तात मिळत असेल, तर आधी हे विचारा.

बसवणाऱ्या मुलांना भिंतीला छिद्र पाडण्याआधी कॅमेरा हातात धरून चित्र दाखवायला सांगा. घरातल्या एकाला फाटकातून चालत आणा, चेहरा थांबवून पाहा. हेच रात्री पुन्हा करा. शेवटचा हप्ता रात्रीचं चित्र पाहिल्यावरच द्या.

डब्याचं घड्याळ त्याच दिवशी मोबाईलशी जुळवून घ्या. घड्याळ वीस मिनिटं मागे असेल, तर पोलिसांना दुसऱ्या कॅमेऱ्यांशी मेळ घालता येत नाही आणि न्यायालयात त्यावरूनच प्रश्न उभे राहतात.

पायरी आठवी: पासवर्ड आपल्याच हाती

ऑक्टोबर 2016 मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामनं जगभरातले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर ‘डाइन’ या अमेरिकी कंपनीची सेवा ठप्प केली. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास अडखळल्या. मिराई आत शिरला होता कारखान्यातून आलेले, कुणीही न बदललेले पासवर्ड वापरून.

म्हणून पहिलं काम: पासवर्ड बदला, आणि तो बसवणाऱ्यासमोर नको, तो गेल्यावर. मुख्य खातं त्याच्या मोबाईल नंबरवर नव्हे, आपल्या नंबरवर उघडलेलं हवं. ‘साहेब, मी माझ्याकडे टाकून ठेवतो’ असं तो सद्‌भावनेनं म्हणतो, पण मग आपल्या घराचा डोळा दुसऱ्याच्या खिशात राहतो. नवा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा. तो हरवला, तर डबा पुन्हा सुरू करायला कंपनीपर्यंत जावं लागतं.

पायरी नववी: शेजाऱ्याचा खासगीपणा

24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. शेजाऱ्याची मोरी, शयनगृह, अंगणातली धुण्याची जागा आपल्या चित्रात येत असेल, तर कॅमेरा वळवा. वळवता येत नसेल तर ‘प्रायव्हसी मास्क’ ही सोय वापरा. तिनं चित्राचा तेवढा भाग कायमचा काळा करता येतो. स्त्रियांचं त्यांच्या नकळत खासगी क्षणी चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे.

घरात एकाहून जास्त कुटुंबं राहत असतील तर सामाईक जागेत कॅमेरा लावण्याआधी सगळ्यांची संमती घ्या. घराच्या आत, झोपण्याच्या खोल्यांत कॅमेरे नकोतच. आणि ज्या शेजाऱ्याला आपण रात्री धावून यायला सांगणार, त्याला हे कॅमेरे कुठे पाहतात ते एकदा बोलावून दाखवा. त्याच्या मनात शंका राहिली, तर तिसऱ्या पायरीवर केलेली सगळी तयारी फुकट जाईल.

पायरी दहावी: दर महिन्याची तपासणी

महिन्याचा एक दिवस ठरवा. अमावस्या सोयीची, कारण ती लक्षात राहते आणि रात्र काळोखी असते. त्या दिवशी पाच गोष्टी करा. लेन्स मऊ कापडानं पुसा. मागच्या आठवड्यातल्या एखाद्या रात्रीचं चित्रण उघडून पाहा, डिस्क खरंच लिहिते आहे का ते कळेल. घड्याळ तपासा. दार उघडून सायरन वाजवा, शेजाऱ्यांना आधी सांगून. सिमचा रिचार्ज आणि सेन्सरांच्या बॅटऱ्या पाहा.

डिस्क महिन्यांपूर्वी बंद पडलेली असते आणि ते चोरीनंतर कळतं, ही या विषयातली सर्वांत वाईट आणि सहज टाळता येणारी गोष्ट. समोर दिसणारं चालू चित्र म्हणजे साठवलेलं चित्र नव्हे. चालू चित्र दिसत राहतं, साठवण बंद असली तरी.

आणि तरीही चोरी झालीच तर

घरात शिरू नका, कपाटाला हात लावू नका. ठसे राहू द्या. पोलिसांना कळवा आणि पंचनामा होईपर्यंत थांबा. डबा बंद करू नका, त्यात ढवळाढवळ करू नका. पोलिसांना सांगा की चित्रण अमुक दिवसांनी पुसलं जातं, म्हणजे ते वेळेत प्रत घेतील.

मोबाईलवर स्क्रीनचा व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकण्याची घाई करू नका. अशानं संशयित सावध होतो आणि कधी कधी निरपराध माणूस मार खातो. न्यायालयासाठी मूळ नोंद आणि तिच्यासोबतचं प्रमाणपत्र लागतं. जालना मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीवरून झालेल्या खटल्यात व्हिडिओ चित्रणाचाच प्रश्न होता. त्यात 14 जुलै 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की मूळ उपकरण हजर केलं नाही, तर प्रतीसोबत असं प्रमाणपत्र आवश्यकच आहे. 1 जुलै 2024 पासून ही तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 मध्ये आहे. प्रमाणपत्रात उपकरण कोणाच्या ताब्यात होतं, ते नीट चालू होतं का, हे लिहावं लागतं. महिन्याच्या तपासणीची नोंदवही ठेवली असेल, तर ते लिहिणं सोपं जातं.

पैसे मोजकेच असतील, तर क्रम असा ठेवा: आधी कोयंडा आणि दिवा, मग शेजारी आणि ग्राम सुरक्षा यंत्रणेतली नोंद, मग दारांचे सेन्सर व सायरन, आणि शेवटी कॅमेरे, तेही दोनच, पण नीट लावलेले. पहिल्या दोन पायऱ्यांना फारसा खर्च नाही आणि त्या या रविवारी होण्यासारख्या आहेत. तेव्हा दुकानात जाण्याआधी कागद-पेन्सिल घ्या, घराला एक फेरी मारा आणि परतताना शेजारच्या घरी थांबून त्यांचा फोन नंबर लिहून घ्या.